टेरिलीनचा सदरा आणि गुरुजींचा ट्रान्झिस्टर

वानखडे गुरुजींचा ट्रान्झिस्टर मेला असं मी छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा तो ठणठणीत होता.

गोष्ट साठच्या दशकातली. अकोल्यात दामूशेठच्या रेडिओच्या दुकानात मी मेकॅनिक होतो. गुरुजी मूर्तिजापूरला प्राथमिक शाळेत. त्यांच्या वडिलांची, म्हणजे आबांची, नजर गेली होती. आबांना बातम्यांचं भारी वेड. गुरुजी शाळेतून येऊन पेपर वाचून दाखवत, तोवर ते दिवसभर दाराकडे कान लावून बसत. घरात वीज नव्हती. म्हणून गुरुजींनी सुटे भाग जमवून सेलवर चालणारा रेडिओ घरीच बांधायला घेतला होता.

लोक त्या अख्ख्या डब्यालाच ट्रान्झिस्टर म्हणतात. खरा ट्रान्झिस्टर म्हणजे आतला हरभऱ्याएवढा भाग, तारेचे बारीक पाय असलेला. सेटमध्ये असे पाच-सहा असतात. त्यातला स्टेशन पकडणारा सगळ्यात नाजूक. गुरुजींनी तो मुंबईहून जोडीनं मागवला होता. पहिला बसवला तसा मेला. दुसरा बसवण्याआधी तपासून घ्यावा म्हणून ते पुडीत बांधून घेऊन आले.

"हा गेला तं संपलंच, नानाभाऊ," ते म्हणाले. "पुन्हा आणून देनारं कोनी नाही."

त्या दिवशी मी मेव्हण्यानं दिवाळीला दिलेला टेरिलीनचा सदरा घातला होता. गिऱ्हाइकापुढे जरा ऐट म्हणून बाहीनं करंट मोजायच्या मीटरची पुढची काच चकचकीत पुसली. ती नावालाच काच, होती प्लॅस्टिकची. मग ट्रान्झिस्टर लावला. चांगला ट्रान्झिस्टर एका बाजूनं करंट जाऊ देतो, उलट्या बाजूनं अडवतो. इथे तारा कशाही लावा, काटा आपला मधोमध, म्हणजे दोन्हीकडून करंट चालू.

"शॉर्ट आहे. गेला हा," मी सांगितलं.

गुरुजी पुडीचा कागद तेवढा सरळ करत राहिले.

गल्ल्यावरून दामूशेठ म्हणाले, "नाना, तारा तं टेबलावर पडल्या हायेत. मंग काटा कावून उभा हाय?"

खरंच उभा होता. कशालाही न जोडलेल्या मीटरचा काटा मधोमध उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी काचेवर तोंडानं वाफ सोडली, तशी स्वारी मुकाट्यानं शून्यावर गेली. पुन्हा तपासलं. ट्रान्झिस्टर उत्तम.

"तुमच्या मेकॅनिकले चेक करा आधी," गुरुजी शेठना म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

झालं होतं असं. थंडीतल्या कोरड्या हवेत टेरिलीन, लोकर असलं काही घासलं की वीज साठते. बाहीनं काचेवर साठली तिनं काटा धरून ठेवला, वाफेच्या ओलाव्यानं ती उतरली. माणसाच्या अंगावर मात्र तिला कुठे वाट मिळत नाही, म्हणून ती बसून राहते. मग बोटातून टचकन उडते. माणसाला नुसता चटका बसतो, पण त्या हरभऱ्याचा जीव जातो. पहिल्याचं काय झालं असेल ते मला तेव्हा उमगलं.

"गुरुजी, सेट कुठं बसून बांधता?"

"खाटीवर. आंगावर लोकरीचा रग घेऊन. थंडी लय हाय ना."

"रग काढताना चटचट होते?"

"होते नं. पोरं त्याची मजा पाह्यतात."

रविवारी मी स्वतः मूर्तिजापूरला गेलो. खाट, रग दोन्ही बाद केले. वहिनींनी नुकतीच जमीन सारवली होती, ओलसरच होती.

"वाळू द्या नं भाऊजी जराशी," त्या म्हणाल्या.

"ओलीच पाहिजे वहिनी. अंगातली वीज तिच्यातून उतरते."

स्वेटर काढला, तोच टेरिलीनचा सदरा काढला. दोन्हींनी चटचट करून साक्ष दिली. मग सुती बनियन आणि पायजम्यावर, अनवाणी, त्या गार जमिनीवर मी मांडी ठोकली. ट्रान्झिस्टरचे पाय आधीच बारीक तांब्याच्या तारेनं एकत्र गुंडाळून ठेवले होते, म्हणजे एका पायाला झटका आणि दुसरा कोरडा असं व्हायला नको. शेगडीवर तापवलेल्या तांब्याच्या खड्यानं गुरुजींनी कथिल वितळवून जोडांना डाग दिले. मी चिमट्यानं पाय धरून होतो. दातांवर दात आपटत होते. लोकांना वाटावं, भीतीनं. तेही खोटं नव्हतं.

शेवटी गुंडाळलेली तार सोडली. सेल टाकले. आधी नुसती खरखर. गुरुजींनी चकती हळूहळू फिरवली आणि बातम्या लागल्या.

बातम्या संपेपर्यंत आबा हलले नाहीत. मग म्हणाले, "उद्यापासून तू शाळेतून सावकाश येत जाय रे. माहा पेपर आला."

गुरुजी तोंड फिरवून शेगडीतले निखारे सारखे करू लागले.

तेव्हापासून थंडीत मी दुकानात सुती सदराच घालतो, आणि नाजूक कामाला बसण्याआधी नळाच्या पाइपाला हात लावतो. मीटर काय दाखवतो ते पाहण्याआधी आपण काय घातलंय ते पाहावं, एवढं शिकलो.

त्या आनंदात टेरिलीनचा सदरा मात्र मूर्तिजापूरच्या खुंटीवरच राहिला. बनियनवर स्वेटर घालून घरी आलो. माहेरचा सदरा विसरून आलो म्हणून बायको आता काय बोलते, या धास्तीनं मी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे दिवाळीपासून तुमचा हात लागला की मले जे झिनझिन्या याच्या," ती म्हणाली, "ते त्या सदऱ्याचं होतं होय?"