नांगर टाकलेल्या बोटीवरचा टीव्ही

ताईचा फोन आला तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये प्रयोगवह्या तपासत बसले होते.

"बोटीवर टीव्ही बसवायचाय," ती म्हणाली. "डिशचा. पण स्वस्तात. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवतेस ना, मग सांग कसा बसवायचा ते."

ताई बँकेतून रिटायर झाली आणि वर्षभराच्या आत ती आणि भाऊजी हैदराबादमधला तारनाक्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन एका जुन्या शिडाच्या बोटीवर राहायला गेले होते. बोट गोव्याकडच्या एका नदीच्या मुखाशी नांगरलेली असायची. पन्नाशीनंतर ताई हुसेनसागरवर शिडाची बोट चालवायला शिकली, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की ही गुडघ्यांसाठी व्यायाम शोधते आहे. ती खरोखर निघाली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी भाऊजींवर खापर फोडलं. मीही फोडलं. विद्यानगरच्या माझ्या घरी दर रविवारी येणारी ती एकटीच होती. ती गेल्यापासून रविवार मला खायला उठायचा. कपाट आवरायला घ्यायचं आणि अर्ध्यात सोडून द्यायचं, उगाच खाली जाऊन कोथिंबीर आणायची, असं चाललं होतं.

"मोबाइलवर बघा की," मी म्हटलं.

"दोन्हीकडे डोंगर आहेत. बोलण्यापुरती रेंज मिळते, तीही डेकवर उभं राहिलं तर. आणि हे मला नकोय गं, ह्यांना हवंय. ह्यांना हैदराबादच्या बातम्या बघायच्यात. संध्याकाळ झाली की इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहतात. बोटीवर फिरायला जागा तरी किती? टीव्ही नसेल तर हे परत जायचं म्हणतील, मला माहीत आहे."

फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मग येऊ दे की परत.

तरीही मी शोधाशोध केली. समुद्रावरच्या बोटींसाठी गोल घुमट मिळतात. आतली डिश मोटरवर फिरत राहून उपग्रहावर नजर ठेवते. त्याची किंमत वाचून मी संगणक बंद केला. साधी घरगुती डिश बोटीवर ठोकली तर बोट जरा कलली की चित्र जाणार. मात्र दोन गोष्टी आमच्या बाजूनं होत्या. आपल्याकडून हा उपग्रह बराच डोक्यावर दिसतो, त्यामुळे बोट थोडी वळली तरी डिशला फारसा फरक पडत नाही. तिचं कलणंच घात करतं. आणि डिश लहान असेल तर सिग्नल कमी मिळतो, पण नेम थोडा चुकला तरी ती सांभाळून घेते. म्हणजे डिश फक्त सपाट राहायला हवी, खालची बोट कितीही हलू दे.

अंबरपेठच्या बाजारामागे एक म्हातारे सायकलवाले बसतात. त्यांच्याकडून मी एकात एक बसतील अशा दोन लोखंडी रिंगा करून घेतल्या. बाहेरची रिंग डावी-उजवीकडे झुलायची, आतली पुढे-मागे. मधोमध डिश आणि तिच्याखाली सळईला टांगलेली किराणा दुकानातली जुनी वजनं. हे सगळं एका चौरंगावर उभ्या केलेल्या, हातानं फिरवता येणाऱ्या दांड्यावर बसवलं. दोन्ही रिंगांना सायकलीच्या ब्रेकचं रबर लावलं, नाहीतर एकदा झुलायला लागल्यावर त्या थांबल्याच नसत्या.

"मॅडम, ये गाडी चलेगी किधर?" त्यांनी विचारलं.

"पाणी पे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हौ," म्हणाले, आणि एक नट आणखी आवळला.

महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. वर्गात शिकवता शिकवता फळ्यावर रिंगा काढायचे. भात गॅसवर ठेवून गच्चीवर पळायचे. डिश झोपाळ्यावर बांधून झोके द्यायचे आणि धावत छोट्या टीव्हीसमोर यायचे. चित्र जायचं, यायचं, पुन्हा जायचं. शेजारच्या बाईंनी एकदा कठड्यावरून विचारलंसुद्धा, "सगळं ठीक आहे ना?" वजन वाढवल्यावर, रबर घासल्यावर हळूहळू ते टिकायला लागलं.

मग एका रविवारी सकाळी मी हुसेनसागरवर एक बोट ठरवली. बोटवाल्यानं रिंगा, बॅटरी, टीव्ही सगळं चढवून घेतलं, पण त्याला ते काही पटलेलं नव्हतं. तळ्याच्या मध्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मी खालचा दांडा फिरवत फिरवत डिशचं तोंड आग्नेयेकडे आणलं, आणि पडद्यावर एकदम एक बाई पुऱ्या तळताना दिसली. बोटवाला ओरडलाच, "अरे वा!" पर्यटकांनी भरलेली मोठी लाँच जवळून गेली. तिच्या लाटांनी आमची बोट चांगलीच हेलकावली. चित्र दोनदा गोठलं, चौकोन चौकोन झालं आणि परत आलं. बाई पुऱ्या तळतच होती.

मला आनंदानं नाचावंसं वाटायला हवं होतं. मी मात्र परत येताना टीव्हीच बंद करून टाकला. संध्याकाळी ताईला फोन केला.

"काय झालं? जमलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पाण्यावर नाही टिकत. फार परेशान झाले मी. राहू दे आता."

"बरं," ती म्हणाली. "तू प्रयत्न केलास ना, बास."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. मी गच्चीवर जाऊन त्या सगळ्यावर जुनी चादर टाकली, म्हणजे दिसायला नको. तारनाक्याच्या फ्लॅटमधले भाडेकरू कधी सोडणार आहेत याची मी आडून चौकशीही करून ठेवली. इतकं सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा ती वाटली नव्हती.

नोव्हेंबरात ताई पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला हैदराबादला आली. भाऊजी बोट सांभाळायला मागे राहिले होते. ती उन्हानं रापली होती, हात खरखरीत झाले होते, आणि घरात सारखी खिडक्या उघडत होती. तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर ती घरात नव्हती. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली होती.

मी वर पोचले तेव्हा चादर बाजूला पडलेली होती. ताईनं एका बोटानं रिंगेला धक्का दिला. रिंग कलली, डिश जरा झुलली आणि पुन्हा सपाट झाली.

"हेच का ते, न जमलेलं?"

मी मान हलवली.

"लाव."

मी बॅटरी जोडली. तिनं स्वतः खालचा चौरंग धरून डावीकडे कलवला, मग उजवीकडे. टीव्हीवर तेलुगू बातम्या चालू होत्या. निवेदिका एकदाही अडखळली नाही.

"पाण्यावर टिकलं होतं ना?"

"टिकलं होतं."

"मग नाही का म्हणालीस?"

"भाऊजी परत येतील म्हणाली होतीस. म्हणून. ते आले की तू येशील."

ताई पिशवीतल्या ओल्या कपड्यांकडे बघत उभी राहिली. मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी हळू बोलली.

"ते आले असते गं. मी नसते आले."

मी वाकून बॅटरीची वायर काढली.

"सगळ्यांना वाटतं ह्यांनी मला तिकडे नेलं. बोट माझी आहे. मी मागे लागले होते, दहा वर्षं. हे बिचारे माझ्यासाठी आले. पहिल्या आठवड्यातच ह्यांना उलट्या झाल्या आणि तरी म्हणाले, राहू. गेल्या महिन्यात मात्र म्हणाले, मी जातो, तू राहा. तुझं 'नाही' कळल्यावरच." तिनं डोळे पुसले. "इथं तीन दिवस झाले, माझा श्वास कोंडतोय. मी नाही येऊ शकत परत. तुझ्यासाठीसुद्धा नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं मी."

मी तिची माफी मागितली की नाही, ते मला खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की आम्ही दोघींनी मिळून रिंगा, डिश, दांडा सगळं खोललं, त्याच जुन्या चादरीत गुंडाळलं आणि कुठला नट कुठे ते तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. वजनं मी बांधत होते तर म्हणाली, "ती नको, बोटीवर लोखंडाला तोटा नाही."

ती गेल्यावर आठवड्यानं भाऊजींचा फोन आला. ते एरवी माझ्याशी मोजकंच बोलायचे.

"तारनाका चौरस्ता दाखवला आत्ता! ट्रॅफिक जाम. कुणीतरी पाइप फोडलाय, सगळं पाणीच पाणी!" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मागून ताई ओरडत होती, "अहो, भरती लागली, दांडा फिरवा!" फोन तसाच ठेवून ते धावले. मला त्यांच्या पावलांचा फळ्यांवरचा आवाज ऐकू येत राहिला.

टीव्ही काही उत्तम चालला नाही. ओहोटी-भरती बदलली की बोट आपल्या नांगराभोवती पूर्ण फिरते, तेव्हा कुणालातरी उठून डिश हातानं वळवावी लागते. जोराचा वारा असला की चित्र मिळतच नाही. पण उठून फिरवायचं ते काम भाऊजींना आवडलं, असं ताईचं म्हणणं. संध्याकाळच्या येरझाऱ्या त्या दांड्यापाशी येऊन थांबल्या.

आता त्यांचं असं ठरलंय. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा दोघं माझ्याकडे येतात. त्याशिवाय भाऊजी हिवाळ्यात एक महिना एकटे येतात, जुन्या मित्रांना भेटतात, बिर्याणी खातात आणि तिसऱ्या आठवड्यात गोंगाटाला कंटाळून जायचं तिकीट बघायला लागतात. ताई तो महिना बोटीवर एकटी राहते. मी तिला परत कधी येणार, असं विचारायचं सोडलं आहे. गेल्या सुट्टीत मी स्वतः तिकडे गेले. पहिले दोन दिवस बोट लागल्यामुळे मला काही खाववलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईनं नांगर उचलला, शीड उभारलं, सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः चहा करायला खाली गेली.