बोकडानं अंग झाडलं

आमच्या घरात मटण शिजत नाही. नवीन ओळखीची माणसं जेवायला बसली की विचारतात, "माळकरी आहात का?" मी नाही म्हणते. माझ्या गळ्यात तुळशीची माळ नाही, मी कुणाचा उपदेशही घेतलेला नाही. माहेरी आणि सासरीही मी मटण खाल्लंय, आवडीनं खाल्लंय. रश्शात ज्वारीची भाकर चुरून, घाम येईपर्यंत. ते कसं सुटलं हे पानावर बसलेल्या पाहुण्याला सांगता येत नाही, म्हणून आजवर टाळत आले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. राज्य इंग्रजांचं होतं. सासर बुऱ्हाणपुरात, आणि शेती बहादरपूरच्या शिवारात, तापीकडच्या बाजूला. नवरा तहसील कचेरीत कारकून. सासरे शेती बघत. त्यांना मी मामंजी म्हणे, पण मागे; समोर त्यांच्याशी बोलायची रीत नव्हती. पदर पुढे ओढून भिंतीला लागून उभं राहायचं आणि काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

माझं माहेर खकनारकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. वडिलांकडे पंचवीस-तीस शेळ्या होत्या. लहानपणापासून मी त्यांच्यात वाढले. कुठली शेळी गाभण आहे, कुठलीचं पोट फुगलंय, कुठली नुसतं ढोंग करतेय, हे मला लांबून कळायचं. सासरी या गोष्टीचं कुणाला कौतुक नव्हतं. शहरातल्या सुनेनं शेळ्यांच्या गोष्टी काय सांगायच्या!

मुलगा अकरा महिन्यांचा झाला तेव्हा त्याचं जावळ काढायचं ठरलं. तो जन्मला तेव्हा तीन दिवस रडला नव्हता, आणि आत्याबाईंनी शेतातल्या मरीमायला बोकडाचा नवस बोलला होता. त्या वर्षी वैशाख फार कडक होता. वळवाचे दोन शिंतोडे येऊन गेले आणि नंतर पुन्हा तसंच तापलं. तीन दिवस आधी मामंजी असीरगढच्या पायथ्याला गेले आणि रस्त्यानं उतरणाऱ्या एका कळपातून काळं बोकड घेऊन आले. अंगावर एकही पांढरा केस नाही. असं मिळायला भाग्य लागतं, असं सगळे म्हणाले.

बोकड परसात बांधलं. पहिल्या दिवशी त्यानं पाला खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी केळीची सालं घेऊन गेले, तर त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. रवंथ नव्हता. कान हातात घेतला तर चटका बसावा इतका गरम. डोळे लाल. आमच्या परसात दुसरं जनावर नव्हतं, तरी मी उगीच इकडंतिकडं पाहिलं. जनावर तापलं की आधी बाकीची त्याच्यापासून दूर बांधायची, ही माहेरची सवय.

आणि त्याच दुपारी गल्लीत दवंडी आली. डफ वाजवणारा ओरडत होता की डोंगराकडच्या शेळ्यामेंढ्या मरतायत, तिकडचं जनावर कुणी विकत घेऊ नये, मेलेलं कुणी सोलू नये, सरकारचा हुकूम आहे. डफ पुढच्या गल्लीत गेला तरी मी दारातच उभी होते.

मी आत्याबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आपलं बोकड बरं नाही. अंग तापलंय. आमच्याकडे असं झालं की आम्ही ते वेगळं बांधतो, कापत नाही."

त्यांनी सुपातले गहू पाखडणं थांबवलं. "नवसाच्या जनावराला नाव ठेवू नये, बाई. उन्हानं तापलं असंल."

"दवंडी ऐकली ना तुम्ही?"

"ऐकली. उद्या पन्नास माणसं येतायत. पोराच्या डोक्यावर देवीचे केस आहेत. आता मोडता घातला अन् पोराला काही झालं, तर तू काय करशील?"

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "कचेरीत कागद आलाय खरा. पण बाबांना कोण सांगणार?" आणि कूस बदलली. मीही त्याला पुन्हा हलवलं नाही.

सकाळी बैलगाडीनं सगळे शेतात गेलो. बोकड गाडीत बसूनच होतं, मान खाली टाकून. मरीमायचं ठाणं म्हणजे बाभळीखाली शेंदूर लावलेला दगड. विहिरीजवळ चुली मांडल्या होत्या. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणारा गडी, आणि त्याची बायको पहाटेपासून तिथं होते. दोघं तिशीतले. त्याचा हात इतका साफ की आसपासच्या गावांत कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण, असली की त्यालाच बोलवायचे.

आमच्याकडे बोकड कापण्याआधी त्याच्या अंगावर हळदीचं पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं की देवीनं मान्य केलं असं समजायचं. नाही झाडलं तर थांबायचं, पुन्हा शिंपडायचं, देवीची करुणा भाकायची. पहिल्यांदा पाणी शिंपडलं. बोकड हललं नाही. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आत्याबाई हात जोडून पुटपुटू लागल्या. मुलगा माझ्या कडेवर होता, नुकतंच मुंडण झालेलं डोकं माझ्या खांद्यावर टेकून.

मग बोकड थरथरलं. आधी मागचे पाय, मग पाठ, मग सगळं अंग. "मानलं! माय मानली!" एकदम गलका झाला, कुणीतरी हलगीवर थाप मारली. मी ती थरथर ओळखत होते. वडिलांच्या गोठ्यात मी ती पाहिली होती. तशी थरथर सुटली की घटकाभरात जनावर जातं.

मी आत्याबाईंचा पदर ओढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला आजही वाटतं की त्यांनाही कळलं होतं. पण हलगी वाजत होती.

सालदारानं एका घावात मान उतरवली. रक्त काळपट होतं, डांबरासारखं, आणि ते परातीत धरलं तरी गोठेना. तो परातीत बघत राहिला. मग मामंजींकडे गेला. मी पाच पावलांवर होते, मला सगळं ऐकू आलं.

"मालक, रगत गोठत नाही."

"मग?"

"हे सोलू नये मालक. माझा बाप सांगे, असं रगत असलं तर खड्डा करून पुरायचं."

"देवीनं अंग झाडून घेतलं, पन्नास माणसांनी पाहिलं. आणि तू पुर म्हणतोस? भीती वाटते तर बाजूला हो, दुसरा बघतो."

तो बाजूला झाला नाही. साल संपायला अजून दिवस होते, दुसरा बघतो या शब्दांचा अर्थ त्याला नीट माहीत होता. त्यानं बोकड बाभळीला टांगलं आणि सोलायला घेतलं. सोलताना सुरी निसटून मनगटाच्या वर त्याला बारीकसं लागलं. त्यानं माती लावली. त्याच्या बायकोनं विहिरीच्या धावेवर बसून आतडी आणि वजडी धुतली.

जेवणं झाली. लेकुरवाळी म्हणून माझ्या पानात आधी वाढलं. सगळे बघत होते. मी एक फोड खाल्ली. मसाल्याचा वास होता, चव होती, बोकडाची काहीच खूण नव्हती. पुढचा घास हातात घेतला आणि तो पदराआड धरून बसले. नंतर केळीच्या बागेत जाऊन ओकले. मुलगा दूध मागत होता आणि त्याला घेऊ की नको हे मला कळत नव्हतं. शेवटी घेतलं. त्याचं तोंड माझ्या अंगाला लागलं तेव्हा मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सालदार सरपण टाकायला घरी आला. परसात मी एकटीच होते. त्याच्या मनगटावर डास चावावा तशी पुळी होती.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखत नाही वहिनी. नुसती खाज."

पाचव्या दिवशी त्याची बायको आली. म्हणाली, पुळीच्या मधोमध कोळशासारखं काळं पडलंय, आणि हात खांद्यापर्यंत सुजलाय. "दुखत नाही म्हणतो. एवढा हात सुजला अन् दुखत नाही, असं कसं वहिनी?" तिच्याही बोटाच्या पेरावर एक फोड होता. तो तिनं पदरात लपवला.

माझ्या नवऱ्यानं सालदाराला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सुया टोचल्या. दोन दिवसांनी तो गेला. शेवटी श्वास घेताना मान ताणून घेत होता, असं नवरा म्हणाला.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळे आपापले हात बघत होते. मामंजी सकाळी उजेडात बसून तळवे उलटेपालटे करत. आत्याबाई पीठ मळताना मध्येच थांबत. मी दिवसातून दहा वेळा मुलाचा सदरा काढून बघे. घामोळं आलं तरी त्याला उजेडात नेऊन निरखे. बारा-तेरा दिवस असे गेले. आम्हांला कुणाला काही झालं नाही. आम्ही शिजलेलं खाल्लं होतं. कच्च्याला ज्यांनी हात लावला, ती दोनच माणसं होती.

ढोर डॉक्टर घरी आला तो याच दिवसांत. खाकी कपड्यातला, घामाघूम, तरुण माणूस. ओसरीत बसून त्यानं मामंजींना विचारलं, "जानवर कुठून आणलं? बीमार होतं का?"

"धडधाकट होतं," मामंजी म्हणाले. "त्या गड्याला काहीतरी चावलं असंल."

"याला काळपुळी म्हणतात," डॉक्टर म्हणाला. "रगतातून येते. रगत जिथं सांडलं ती जमीन वर्षानुवर्षं खराब राहते. तिथं ढोर चारू नका, काटे लावून टाका. आणि कातडं? कातडं कुठं आहे?"

"पुरलं."

मी दाराआड उभी होते. कातडं पुरलेलं नव्हतं. ते जेवणाच्या दिवशीच संध्याकाळी बहादरपूरला गेलं होतं, कातडी कमावणाऱ्याकडे. मी माझ्या डोळ्यांनी गाडीत घातलेलं पाहिलं होतं. त्या माणसाच्या घरात पोरं असतील, ती त्या कातड्याजवळ खेळत असतील, एवढंच माझ्या मनात आलं. पहिल्या वेळी मी एकदा बोलून गप्प बसले होते.

"कातडं बहादरपूरला दिलंय," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "आणि बोकड आजारी होतं. मला आदल्या दिवशी कळलं होतं."

डॉक्टरनं टोपी उचलली आणि जवळजवळ पळतच निघाला. कातडं मिळालं, जाळलं. ते अजून मिठातच पडलेलं होतं, त्याला कुणी हात घातला नव्हता. हे मला नवऱ्याकडून कळलं.

मामंजी माझ्याशी तसेही बोलत नसत. आता त्यांनी माझ्या हातचं पाणी घेणंही सोडलं. दीड वर्ष. आत्याबाईंनी मात्र एक शब्द काढला नाही. एकदा फक्त तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पदर ओढलास तेव्हा मला कळलं होतं ग."

डॉक्टर येऊन गेल्यानंतरच्या रविवारी घरात मटण आलं. मी म्हटलं, मी शिजवून देईन, खाणार नाही. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, भीती आहे, जाईल. भीती होतीच. कुठलं जनावर कुठून आलंय, आतून कसं आहे, हे ताटात बसल्यावर कुणाला कळतं? पण भीती वर्षभरात ओसरली, आणि तरीही मला खाववेना. परातीतल्या फोडी धुताना मला दरवेळी वाटे, हे माझ्यापर्यंत येईस्तोवर कुणाच्या हातांतून गेलंय. मी खावं म्हणून कुणीतरी सुरी धरली, कुणीतरी आतडी धुतली. आणि ते बोकड भर उन्हात तापानं फणफणत उभं होतं, तेव्हा आम्ही त्याच्या अंगावर पाणी शिंपडून त्याची परवानगी मागत होतो.

दुसऱ्या बाळंतपणात मी फार खंगले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोकडाच्या पायाचं सूप प्या, नाही तर उठणार नाहीत." नवरा हाताशी बसून विनवत होता. मी डाळी खाल्ल्या, शेंगदाणे खाल्ले, तीळ-गूळ, नाचणी, दूध, जे मिळेल ते. उठायला तीन महिने लागले. मटणानं लवकर उठले असते का? कदाचित उठले असते. मी मोठेपणा सांगत नाही. तेव्हा आत्याबाईंनी माझ्यासाठी वेगळी डाळ शिजवायला सुरुवात केली, मग स्वतःही तीच खाऊ लागल्या, आणि हळूहळू घरात मटण येणंच थांबलं. मामंजी बाहेर खात. घरी कधी मागितलं नाही.

सालदाराची बायको वाचली. डाव्या हाताचं एक बोट आखडलं, तेवढंच. आम्ही तिला कामावर ठेवलं, आणि तेवढ्यात आपण काहीतरी केलं असं घरातल्यांना वाटलं. मी एकदा तिच्याजवळ बसून सांगितलं, की मी कायमचं सोडलंय. तिच्या नवऱ्यासाठी सोडलं, असं मला म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही.

ती कापूस वेचत होती. आखडलेलं बोट बाजूला ठेवून चार बोटांनी बोंड सोडवत होती.

"बरं केलं वहिनी," ती म्हणाली. "तुमच्याकडे डाळ आहे, दूध आहे. मला मिळतं वर्षातून दोनदा, कुणाच्या कंदुरीत. मी खाते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना." तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला. "पहिला घास घेताना तर लई वाटते. पण त्या दिवशी मालकांना कुणी अडवलं असतं ना, तर तुम्हाला सोडावं लागलं नसतं अन् मलाही खाताना भ्यावं लागलं नसतं."

ती कपाशीच्या पुढच्या ओळीत गेली. मी बांधावर बसून राहिले. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि मला तिच्या मागं जाण्याचा धीर झाला नाही.