चोरीची सिस्टीम, माझी जात

"मेंढरं राखणाऱ्यांनी आता आम्हाला कंप्युटर शिकवायचा का?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मी टेबलाकडं बघत राहिले.

साहेब बिल्डर. शहरातल्या छावणी भागात त्यांचं ऑफिस, तिथं नवे कंप्युटर आले होते. त्यात कोणती सिस्टीम टाकायची, हे ठरवायला सगळ्यांना बोलावलं होतं. कंप्युटर मीच सांभाळायचे. शिक्षणच त्याचं होतं. मी एवढंच म्हणले, "सर, चोरीची कॉपी नको. व्हायरस शिरला तर सगळं जाईल. विकत घ्या, नायतर लिनक्स टाकू. ती सिस्टीम फुकट मिळते." त्यावर साहेबांचं हे बोलणं.

मी सोयगावकडची. धनगराची. दुष्काळात चारा संपला, बापानं मेंढरं विकली, आम्ही शहरात आलो. शहर वाढत होतं. आई-बाप बांधकामावर राबायचे. टँकरचं पाणी आधी सिमेंटला, उरलं तर माणसाला. तशात मला शिकवलं. अन् साहेबांना माझ्यात फक्त मेंढरं दिसली.

चोरीचीच कॉपी टाकली. साहेबांच्या मेव्हण्यानं.

त्या साली पाऊस झालाच नाय. अन् एका सकाळी ऑफिसात एकही फाइल उघडेना. नकाशे, फ्लॅटवाल्यांचे कागद, सगळं बंद. पडद्यावर खंडणीची मागणी, पैसे भरा मग फाइली उघडू. दुपारपर्यंत फ्लॅटवाले दारात ओरडायला लागले.

साहेबांनी मला आत बोलावलं. आवाज लई गोड. "बाहेर जा, हात जोड. माझ्या हातून चूक झाली म्हण. गरिबाच्या पोरीला लोक माफ करतात. नाहीतर आमचं नाव खराब होईल."

"अन् माझं नाव?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "तुझं कसलं नाव?"

अंगात आग उठली. माझा बाप जन्मभर हात जोडत आला. चाऱ्यासाठी, पाण्यासाठी, कामासाठी. मी बाहेर गेले. हात जोडले नायत.

"सिस्टीम चोरीची होती. मी नको म्हणले होते. साहेबांनी ऐकलं नाय."

नोकरी तिथंच गेली. घरी आई रडली. "गप बसली असतीस तर?" बापानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला अन् उठून गेला.

साहेब अजून लोकांना चूक कुणाची म्हणून माझंच नाव सांगतात म्हणे. सांगू द्या. मुलाखतीत जुनी नोकरी का गेली विचारलं, की मी सगळं सांगते. साहेबांचं ते मेंढरांचं वाक्यबी, जसंच्या तसं. ते ऐकलं, की पुष्कळ ठिकाणी "नंतर कळवतो" म्हणून वाटेला लावतात. लावू द्या. पुढच्या ऑफिसातबी हेच सांगणार. एक शब्द कमी करणार नाय.