शेजारच्या खाटेवरची बाटली

हे मी घरीही कधी बोललो नाही. वर्ध्याच्या वृद्धाश्रमात बाबांना ताप आला आणि डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. निवृत्त मास्तरांना बाटलीत करणं शोभेना. शेजारच्या खाटेवरचे आजोबा टोपी सारखी करत म्हणाले, "मास्तरले काऊन छळून राह्यला बापू? आण इकडे, मले लाज नाई."

तीर्थ द्यावं तशी त्यांनी भरलेली बाटली दिली. मी तिच्यावर बाबांचं नाव टाकलं. बाबांची अब्रू वाचली आणि माझी रजाही. रिपोर्टात इन्फेक्शन निघालं. ताप केव्हाच उतरलेल्या बाबांनी गोळ्यांचा कोर्स शिस्तीत पूर्ण केला.

"जळजळ होते, वयच झालं न बापू," म्हणत आजोबा मुलासोबत हिंगणीला गेले. ती जळजळ वयाची नव्हती, हे त्यांना जाऊन सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.