वैराग्य म्हणून गौरवलेली भीती

देवा, आज तुझ्या दारी गाऱ्हाणे नाही. एका लेकीने भीतभीत केलेले धाडस सांगायचे आहे. ऐकणाऱ्यांनी थोडे जवळ सरकून बसावे.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटात वासुदेवराव नावाचे इंजिनियर राहतात. त्यांचा निम्मा जन्म पेट्रोलच्या इंजिनांत गेला, निम्मा पखवाजात. एकादशीचे भजन कुणाच्याही दिवाणखान्यात असो, त्यांची थाप पडल्यावाचून टाळांना जीव येत नसे. पुढे मोटारी विजेवर धावू लागल्या, कंपनीतला त्यांचा विभाग आक्रसत गेला, आणि हा बोलका माणूस मुका होत गेला.

त्या एकादशीला भजन आटोपले आणि त्यांनी आपला पखवाज उचलून तरुण देवदत्तच्या मांडीवर ठेवला.

"घे. तुझ्याकडे वाजता राहील."

"अहो काका, आणि तुम्ही?"

"माझं वाजवून झालं रे."

मंडळींनी हात जोडले. "याला म्हणतात वैराग्य!" कुणीतरी गहिवरून म्हणाले. वासुदेवरावांच्या पत्नी, प्रभाताई, यांचे डोळे अभिमानाने भरून आले. आणि त्यांची लेक अवनी? तिची नजर बाबांच्या रिकाम्या हातांवरून हलेना.

अवनी इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळे कळे, पण उत्तर बहुधा जर्मनमध्ये. नुकतेच तिने युवा केंद्रात मनाच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले होते. तुर्की, सिरियन, इरिट्रियन, नाना घरांची मुले तिथे एका वर्तुळात बसत. एकाच्या घरी दुःख म्हणजे लागलेली दृष्ट, दुसरीच्या घरी दुःख म्हणजे श्रद्धेत पडलेली उणीव. गप्प बसणे मात्र सगळ्या घरांत सारखेच. शिक्षिकाबाईंनी सांगितले होते : जिवापाड जपलेली वस्तू माणूस देऊन टाकू लागला, तर थबका. जवळ बसा. सरळ विचारा. विचारल्याने मरणाचा विचार मनात पेरला जात नाही. न विचारल्याने माणूस त्या विचारापाशी एकटा उरतो. सरावात अवनीने तो प्रश्न शेजारच्या सिरियन मुलीला थेट विचारला होता. "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणून बाईंनी तिची पाठ थोपटली होती.

दुसऱ्या दिवशी सांजवेळी आई कणीक मळत होती. अवनी जवळ जाऊन उभी राहिली.

"आई, मला बाबांची भीती वाटते."

"भीती कसली गं? देवाची ओढ लागली की वस्तू आपोआप सुटतात."

"आल्झो... म्हणजे, ओढ लागली तर माणूस जेवतो ना? बाबा ताट सरकवतात. मी त्यांना विचारणार, मरावंसं वाटतं का..."

कणकेने माखलेला हात लेकीच्या तोंडावर पडला. "दिवेलागण झालीये, अवनी! वास्तू तथास्तु म्हणते. या घरातून कुणी बाहेर पडतानाही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि तू हे असलं अभद्र..."

अवनीने तोंडावरची कणीक पुसली. आपण बोललो आणि वास्तूने खरेच होकार दिला तर? आणि वास्तू गप्प राहिली, पण बाबांनीच होकार दिला तर?

बाहेरच्या खोलीत वासुदेवराव अंधारात बसले होते, अंगावर कोट तसाच. मायबापहो, वैराग्याने माणूस हलका होतो. हे तर दिवसेंदिवस जड होत चालले होते. अवनी त्यांच्या शेजारी टेकली.

"बाबा."

"बोला अवनीबाई."

"तुम्ही पखवाज दिला. जेवत नाही. बाबा... तुम्हाला मरावंसं वाटतं का?"

स्वयंपाकघरात परात खणखणली.

"त्या कोर्सचा गृहपाठ माझ्यावर करतेस होय?" वासुदेवराव हसले.

"हो, करते. उत्तर द्या."

हसू विझले. ते तिच्याकडे पाहत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"हो," ते म्हणाले. "रोज."

शिकलेले सारे अवनी विसरली. एवढेच आठवले, की उठायचे नाही. तिने त्यांचा हात घट्ट धरला. प्रभाताई आल्या आणि पीठभरल्या हातांनी पतीच्या पायांशी बसल्या.

"अहो, मी वैराग्य म्हणून मिरवत होते हो!"

"ते ऐकूनच माझं तोंड बंद झालं, प्रभा. सगळे पाया पडायला लागले. त्यांना काय सांगू?"

अवनीने मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता : त्यांना एकटे सोडू नका, आत्ताच रुग्णालयात घेऊन या. घराबाहेर पडताना प्रभाताई उंबऱ्याशी अडल्या. "अहो, म्हणा ना, येतो." वासुदेवरावांनी मान खाली घातली. शब्द आला नाही.

गाडी अवनीने चालवली; परवाना नवाकोरा. आरशात तिला आईची मूठ दिसत होती, बाबांची बाही धरलेली. प्रत्येक लाल दिव्यापाशी तिला वाटे, आपण बोललो ते चुकले तर नाही?

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी वासुदेवरावांना एकट्यांनाच आत बोलावले. प्रभाताईंची मूठ सुटता सुटेना. दारापाशी ते वळले.

"अवनी, काचेमागे पार्कशायब लावलीस का? ती गाडी लावल्याची वेळ दाखवणारी निळी तबकडी?"

"नाही, बाबा."

"लावून ये. दंड होईल." ते क्षणभर थांबले, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि ओठ हलले.

"येतो."