दार लावून घ्या

माझा क्लास लातुरात, घर नांदेडला. सुट्टीत घरी बसून क्लासचा कॉम्प्युटर उघडता यावा म्हणून मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मुलांचे मार्क आणि पुढच्या टेस्टचे पेपर त्यातच होते.

"महागाचं काही लागत न्हाई, सर. हाय तेच नीट लावून देतो."

"पासवर्ड क्लासचं नावच ठेव," मी म्हणालो, तर त्यानं हातच जोडले. "शेजारच्या क्लासवाल्याला चावी द्यायचीय का?" मी नवा पासवर्ड टाकेपर्यंत तो भिंतीकडं तोंड करून बसला.

पुढं काही अडलं की तो आपल्या दुकानात बसूनच दुरुस्त करायचा. पण आधी फोन यायचा, "येऊ का आत, सर?" मी परवानगी दिल्याशिवाय त्यालाही शिरता येऊ नये, ही सोय त्याचीच. काम झालं की म्हणायचा, "निघालो. दार लावून घ्या." मी कनेक्शन बंद करेपर्यंत फोन ठेवायचा नाही. कधीकधी वैताग यायचा.

ईदला त्याच्या घरी गेलो. आत शिरताना सवयीनं कडी लावली. हातातली शीरखुर्म्याची वाटी ठेवून तो उठला आणि त्यानं कडी काढली.

"जगाला कुलपं लावायला सांगतोस, आणि स्वतःच्या दाराची कडी काढतोस?" मी हसलो. तो हसला नाही.

"आमी किल्लारीचे, सर. भूकंपात आमच्या दाराची कडी निघाली न्हाई."

मग दार आणखी थोडं उघडत म्हणाला, "कॉम्प्युटरच्या आत कुणी झोपत न्हाई, सर."