मानाच्या चाव्या

अठ्ठावन्न चाव्या उघड्या होत्या आणि इंजिन बुधवारी येणार होतं.

सोमवारी सकाळी ऑफिसातून फोन आला. ट्रायलचं इंजिन पुढच्या आठवड्यात मिळणार होतं, ते परवाच मिळतंय म्हणाले. नवी लाइन तयार झाली की प्रवासी बसवण्याआधी नुसतं इंजिन चालवून बघतात, ती ट्रायल. आष्टी तालुक्यातल्या आमच्या त्या लहानशा स्टेशनात रूळ टाकून झाले होते, खडी भरून झाली होती, पाटीवर नावही रंगवून झालं होतं. फक्त प्लॅटफॉर्मसमोर एक्केचाळीस स्लीपरवर रूळ नीट धरलेला नव्हता. तो चुकून राहिला नव्हता. मान्यवरांसाठी मुद्दाम ठेवला होता.

आधी चावी म्हणजे काय ते सांगतो. रुळाखाली आडवे सिमेंटचे ठोकळे असतात, ते स्लीपर. रूळ स्लीपरला नटबोल्टनं बांधत नाहीत. स्प्रिंगच्या क्लिपनं दाबून ठेवतात. ही क्लिप म्हणजे अंगठ्याएवढ्या जाड सळईची, पिळून वाकवलेली, कागदाच्या क्लिपची थोरली बहीण. तिचं एक टोक स्लीपरमध्ये बसवलेल्या लोखंडी डोळ्यात ठोकायचं, की दुसरं टोक रुळाच्या पायावर दाबून बसतं. एक क्लिप साधारण टनभर वजनाइतका दाब देते. प्रत्येक स्लीपरला चार क्लिपा लागतात. एका रुळाला आतून एक, बाहेरून एक, तसंच दुसऱ्याला. क्लिप आणि रूळ यांच्यामध्ये लायनर नावाची एक पातळ पट्टी, रुळाखाली एक रबरी पॅड. रेल्वेतली माणसं या क्लिपला आजही चावीच म्हणतात.

माझं काम चाव्या ठोकायचं नव्हतं. ठोकायचं काम ठेकेदार कंपनीचं. मी त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपनीचा साइट इंजिनिअर. इंजिन सोडण्याआधी ‘ट्रॅक फिट आहे’ असा कागद द्यावा लागतो आणि त्यावर पहिली सही माझी. आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिलाच. माझे वडील शेळ्या-मेंढ्या राखतात आणि अजून अंगठा उठवतात. झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींनी मला हाताला धरून पॉलिटेक्निकच्या फॉर्मपर्यंत नेलं नसतं, तर मीही त्याच कळपामागे असतो. त्यामुळे सही या गोष्टीबद्दल मी जरा हळवा आहे. लोक हसतात, हसू देत.

आता मानाचं प्रकरण. ठेकेदाराचे प्रोजेक्ट मॅनेजर बाविस्कर यांच्या डोक्यात महिनाभर आधी कल्पना आली की शेवटची चावी आबांच्या हातानं ठोकायची. आबा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या परवानगीवाचून इकडे हातपंपालाही पाणी येत नाही, अशी त्यांची स्वतःची समजूत आहे. एक चावी ठेवायला माझी हरकत नव्हती. पण आबांच्या शेजारी कोण, हा प्रश्न निघाला. मग सभापती आले. माजी सभापती आले. आजी-माजींचं जमत नाही म्हणून मध्ये सरपंच घातले. ज्या गावांची जमीन लाइनमध्ये गेली त्यांचे प्रतिनिधी आले, आणि ज्या गावांची गेली नाही तेही आले, कारण त्यांचं म्हणणं होतं की जमीन गेली नाही हा त्यांचा दोष नाही.

बरं, चावी पाहिजे तर कुठलीही नको. प्लॅटफॉर्मकडच्याच रुळाची पाहिजे आणि त्यातही बाहेरच्या बाजूची, म्हणजे फोटोत मागे स्टेशनची पाटी येते. आतली चावी ठोकताना कॅमेऱ्याकडे पाठ होते. अशी बाहेरची चावी एका स्लीपरवर एकच निघते. एक्केचाळीस मान्यवर, म्हणून एक्केचाळीस स्लीपरवर बाहेरची चावी काढून ठेवली. नंतर यादीत आणखी सतरा जण घुसले. त्यांना पाटीजवळच्या सलग सतरा स्लीपरवर आतल्या चाव्या दिल्या. आतला मान दुय्यम, हे त्यांना कळलं आणि ते रुसले, तो भाग वेगळा. बाविस्करांनी प्रत्येक स्लीपरवर नावाचा लॅमिनेट केलेला कागद चिकटवला होता. काही कार्यकर्ते संध्याकाळी येऊन आपल्या साहेबांची चावी जागेवर आहे ना, ते बघून जायचे. सिनेमाच्या सीटवर रुमाल टाकतात तसा प्रकार.

सतरा स्लीपर म्हणजे दहा मीटर. त्या दहा मीटरमध्ये प्लॅटफॉर्मकडचा रूळ कोणीच धरलेला नव्हता. नुसता पॅडवर ठेवलेला. पुढचे पंधरा मीटर एकाच बाजूनं धरलेला. कार्यक्रम रविवारी आणि ट्रायल त्याच्या नंतर, असं ठरलं होतं म्हणून मी महिनाभर गप्प बसलो. ती माझी चूक. आता ट्रायल आधी आली.

मी बाविस्करांकडे गेलो. म्हटलं, आज माणसं लावा, उद्या दुपारपर्यंत सगळ्या चाव्या बसल्या पाहिजेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजावलं, की लोकांनी आपापली चावी बघून ठेवलेली आहे. मी म्हटलं, मग बघून ठेवू द्या, रूळ बांधू द्या. ते म्हणाले, इंजिन गेल्यावर पुन्हा उघडू. मी सांगितलं, ट्रायल झाली की लाइन रेल्वेच्या ताब्यात जाते. नंतर लेखी परवानगीशिवाय एका चावीला हात लावता येत नाही.

“अहो, मग तसंच जाऊ दे इंजिन,” बाविस्कर म्हणाले. “दहाच्या स्पीडनं काढू. पाच मिनिटांचं काम.”

“मग फिटच्या कागदावर तुम्ही सही करा.”

“सही तुमचीच लागते.”

“म्हणूनच म्हणतोय.”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि आबांची वाक्यं सांगायला लागले. मी कप तसाच ठेवून बाहेर आलो. एवढी वर्षं या माणसानं रूळ टाकले, पण रूळ गाडीसाठी असतो हे त्याला कोणी सांगितलंच नसावं.

गाडी घसरलीच असती असं मी म्हणणार नाही. कदाचित इंजिन सुखरूप गेलंही असतं. पण ते इंजिन प्लॅटफॉर्मला ब्रेक मारून थांबणार होतं. ब्रेक लागला की चाक रुळाला पुढे ढकलतं. उन्हात रूळ लांबायला बघतो. या दोन्हीला अडवायला फक्त चाव्या असतात आणि चाव्या नेमक्या तिथेच नव्हत्या. वरून, मोकळ्या रुळाखालचं पॅड सरकतं, लायनर पडतो, रूळ कलंडायला वाट मिळते. ‘कदाचित’ या शब्दावर मी सही करायला शिकलेलो नाही.

साइटवर एक रजिस्टर असतं, साइट ऑर्डर बुक. देखरेख करणारा इंजिनिअर त्यात लेखी सूचना देतो आणि ठेकेदाराला लेखी उत्तर द्यावं लागतं. मी त्यात चार ओळी लिहिल्या. तासाभरात आमच्या टीम लीडर साहेबांचा पुण्याहून फोन आला.

“तू कंत्राटावर आहेस, विसरू नकोस. रजिस्टरमध्ये लिहिण्याआधी मला विचारायचं.”

“लिहून झालंय सर.”

“ते पान…”

“पानांना नंबर असतात सर.”

मग म्हणाले की माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. मी म्हटलं, हो सर. “ॲडजस्ट करायला शीक,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. साहेब वातानुकूलित खोलीतून ॲडजस्ट करत होते. त्यांना जागा भरपूर होती.

खरं सांगतो, त्या फोननंतर मी घाबरलो होतो. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागलो होतो.

मंगळवारी सकाळी मी साइटवर गेलो तर भानुदास मामा त्या लॅमिनेट केलेल्या नावांवरून चालत होते. मामा रेल्वेतून रिटायर झालेले कीमन. कीमन म्हणजे रोज ठरलेलं अंतर पायी चालून एकेक चावी बघणारा माणूस. त्यांचं गाव इथून चार कोसांवर, पण आमच्या बाजूला रूळच नव्हता म्हणून सगळी नोकरी दौंडकडे गेली. रिटायर झाल्यावर या लाइनवर ठेकेदाराकडे गँगचे मुकादम म्हणून आले. पगारासाठी नाही, आपल्या शिवारातून गाडी जाताना बघायला, असं ते सांगत. चावी कशी बसवायची ते मला कॉलेजात कोणी दाखवलं नाही. मामांनी दाखवलं. कमी ठोकली तर पकड नाही, जास्त ठोकली तरी नाही. सळईचं टोक डोळ्याच्या काठाशी बरोबर आलं पाहिजे, एवढंच.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखूची गोळी गालात सरकवली.

“साहेब, ह्या लोकांला मान पायजे का रूळ पायजे?”

“मान.”

“मग मान द्या की. रूळ कावून द्यायलात?”

आणि त्यांनी हनुवटीनं यार्डाकडे दाखवलं. तिथे रिजेक्ट झालेल्या स्लीपरची थप्पी होती. कोपरे उडालेल्या, तडे गेलेल्या. शेजारी रूळ कापून उरलेले तुकडे पडले होते.

मी तिथेच हिशेब केला. पंधरा स्लीपर, चार-चार चाव्या, साठ जागा. नऊ-नऊ मीटरचे दोन तुकडे. स्टेशनच्या पाटीसमोर, लाइनपासून बाजूला, सपाट जागेवर मांडायचे. वर मंडप. बाविस्करांना सांगितलं तर ते घाबरले. म्हणाले, आबांच्या पीएंना विचारल्याशिवाय नाही. मग स्पीकर लावून माझ्यासमोरच पीएंना फोन लावला. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. पाटी दिसेल का, आणि ऊन लागेल का. बाविस्कर म्हणाले, सर, मान्यवरांसाठी स्वतंत्र ट्रॅक करतोय. ‘स्वतंत्र’ हा शब्द पीएंना फार आवडला. असं आधी का नाही सुचलं, म्हणून त्यांनी बाविस्करांनाच झापलं.

त्या दुपारी मामांच्या गँगनं अठ्ठावन्न चाव्या बसवल्या. प्रत्येक लायनर, प्रत्येक पॅड मी हातानं बघितला. नावांचे कागद काढून एका पिशवीत भरून बाविस्करांकडे पाठवले. नव्या मांडणीत बाहेरच्या चाव्या तीसच निघत होत्या, त्यामुळे अकरा मान्यवर आत ढकलले गेले. त्यांची समजूत काढण्यात बाविस्करांचे पुढचे तीन दिवस गेले. त्या गडबडीत आम्हाला कोणी त्रास दिला नाही.

मी फिटच्या कागदावर सही केली. बुधवारी इंजिन आलं, प्लॅटफॉर्मला थांबलं, पुढे गेलं. फोटो काढायला कोणी नव्हतं. इंजिन गेल्यावर मामा त्या एक्केचाळीस स्लीपरवरून परत चालत गेले आणि प्रत्येक चावीवर हातोडीनं हलकी टिचकी मारत गेले. आवाजावरून त्यांना चावीचं कळतं. शेवटची वाजवून झाल्यावर ते म्हणाले, “बसल्यात,” आणि रुमालानं चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

रविवारी मंडपात अख्खा तालुका लोटला. आबांनी चंदेरी रंग दिलेल्या हातोड्यानं तीन घाव घातले. दोन चावीला लागले, एक स्लीपरला. मग बाकीचे तुटून पडले. कोणी अर्धी चावी घालून फोटोसाठी हसत राहिलं. कोणी जोरात आहोत हे दाखवायला पार शेवटपर्यंत हाणली. चौघांनी लायनर न घालताच ठोकल्या. माजी सभापतींच्या चावीत झेंडूच्या माळेचं टोक चिरडून अडकलं. आबांनी भाषणात सांगितलं की आज आपण या मातीला देशाशी जोडलं.

माझे वडील, अण्णाही आले होते. शेळ्या चुलत्याकडे सोपवून, धुतलेलं धोतर नेसून, मामांच्या शेजारी कडेला उभे होते. मला वाटलं मुलाची रेल्वे बघून त्यांना भरून येईल. ते वाकून रुळाच्या रेषेत बघत होते, कळपातली एखादी कुठे चुकली ते बघतात तसे.

“लेका, ह्येचं फुडलं टोक कुठंय?”

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, “पाव्हणं, ह्यो फोटोतला रूळ हाय. ह्येला टोक नसतंय. खरा तिकडं हाय, तुमच्या पोरानं बांधलेला.”

अण्णा वळले आणि खऱ्या लाइनीकडे बघत राहिले, ती टेकडीमागे जाते तिथपर्यंत. मंडपात एवढी माणसं होती, निम्म्यांच्या नावामागे पदं होती. रूळ कुठे जातो हे विचारणारा तेवढा एकच निघाला.

आठवड्यानं साहेबांचं पत्र आलं. मान्यवरांच्या कार्यक्रमासाठी रिजेक्ट साहित्य वापरल्याबद्दल खुलासा मागितला होता. मी दोन ओळींत कळवलं की चांगलं साहित्य गाडीसाठी वापरलं असल्यानं शिल्लक नव्हतं. मार्चमध्ये माझं कंत्राट वाढलं. माझ्या धैर्यामुळे नाही. साइट ऑर्डर बुकाचं ते पान वरच्या ऑफिसात कोणीतरी वाचलं होतं, आणि अशा पानाखाली ज्याची सही असते त्याला लगेच काढलं तर बरं दिसत नाही.

तो नऊ मीटरचा तुकडा हलवायला कोणाची हिंमत झाली नाही. त्याच्याभोवती आता कठडा आहे आणि अठ्ठावन्न नावांचा फलक आहे. नवे इंजिनिअर साइटवर आले की मी त्यांना पहिल्या दिवशी तिथे नेतो. कमी ठोकलेली, जास्त ठोकलेली, लायनर नसलेली, झेंडूवाली. चावी जितक्या तऱ्हांनी चुकीची बसू शकते, त्या सगळ्या एकाच जागी, नावासकट बघायला मिळतात. मग त्यांना मामांकडे पाठवतो.